'स्वातंत्र्याचा अर्थ' बोलायचा असेल तर

ऑगस्ट जवळ आला की वक्तृत्व स्पर्धांच्या विषयांत 'स्वातंत्र्याचा खरा अर्थ' हमखास असतो. कॉलेजात असताना मी त्यावर बोलायचो, आता परीक्षकाच्या खुर्चीतून ऐकतो. बहुतेक भाषणं 'स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे'ने सुरू होतात. वाक्य बरोबरच आहे. पण सकाळपासून तेच ऐकलेला परीक्षक तोवर चहा कधी येतो ते बघत असतो.

विषय अवाढव्य आहे, हीच खरी गोम. टिळक, भगतसिंग, सीमेवरचे जवान, मुलींचं शिक्षण, मोबाइलचं व्यसन, सगळं सात मिनिटांत कोंबलं की हाती नुसती यादी उरते. त्यापेक्षा एक तारीख धरा आणि तिथेच ठाण मांडा.

मी मराठवाड्याचा, त्यामुळे माझी तारीख १७ सप्टेंबर १९४८. दिल्लीत तिरंगा फडकला तरी आमच्याकडे आणखी तेरा महिने निजामाचं राज्य होतं, रझाकारांची दहशत होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. गोव्याला तर १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

याहून धारदार तारीख हवी असेल तर ३१ ऑगस्ट १९५२ घ्या. ती स्पर्धेत क्वचितच कुणी घेतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, पुढे तो पारधी, कैकाडी यांच्यावरही बसला. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली 'सेटलमेंट'च होती. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर हा शिक्का कायद्याच्या पुस्तकातून निघाला. लोकांच्या मनातून निघाला का, हे श्रोत्यांनाच विचारा आणि क्षणभर थांबा.

विचारांचा आधार हवाच. त्यासाठी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण मुळातून वाचा. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती त्यांनी तिथे स्पष्ट मांडली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरची अवतरणं मात्र वापरू नका, त्यांतली निम्मी कुणाची हे देवालाच ठाऊक. आणि स्वैराचाराबद्दल बोलायचंच असेल तर संविधानाचं कलम १९ काढा: भाषण, सभा, संघटना, संचार, वास्तव्य, व्यवसाय अशी सहा स्वातंत्र्यं, आणि त्यांच्यावरचे वाजवी निर्बंधही त्याच कलमात.

लिहिताना तोंडाने बोलत लिहा. ज्या वाक्यात दम लागतो ते तोडा. सात मिनिटांना सातशे शब्द पुरतात. शेरोशायरी एखादीच, तीही अर्थ कळला असेल तर. शेवटचा परिच्छेद मात्र सुटा पाठ ठेवा, म्हणजे इशाऱ्याची घंटा झाली की कुठूनही त्यावर उडी मारता येते.