गणपतीला गावी गेलं की शिंका सुरू? मग हे करून बघा

दरवर्षीचा सीन आहे हा. चाकरमानी गावी येतो, मे महिन्यापासून बंद असलेलं घर उघडतो, माळ्यावरच्या गोधड्या काढून रात्री अंगावर घेतो आणि सकाळी चहाचा कप हातात धरून पंधरा-वीस शिंका. घरातले म्हणतात पाणी बदललं. मी पण कित्येक वर्षं हेच ऐकून सर्दीच्या गोळ्या खाल्ल्या.

तर आधी ही सर्दी आहे की ॲलर्जी ते बघा. ॲलर्जीत खाज असते, नाकाला, डोळ्यांना, टाळूला पण, नाकातनं पाण्यासारखं पातळ गळतं आणि ताप येत नाही. सर्दी साधारण 7 ते 10 दिवसांत आवरते, ॲलर्जी मात्र कारण जवळ असेपर्यंत हटत नाही. लहान पोरं तळहाताने नाक खालून वर चोळत राहतात, तेवढ्यावरनं पण अंदाज येतो.

मग कारण पकडा. शिंका कधी आणि कुठे आल्या ते आठ-दहा दिवस मोबाईलमध्ये टाइप करून ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींची ओल आणि बुरशी, भादव्या-अश्विनात गवत फुलतं ते, दिवाळीच्या आसपास भाताची झोडणी आणि पेंढ्याची धूळ, आणि उन्हाळ्यात भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात त्याचा धूर, जो ॲलर्जी नसलेल्यालाही झोंबतो. आंब्याच्या मोहोराला सगळे शिव्या घालतात पण त्याचे पराग माश्या-किडे वाहून नेतात, गवताचे वाऱ्यावर उडतात, त्यामुळे संशय आधी गवतावर घ्यावा. माझं म्हणाल तर खळ्यात दिवसभर काही नाही, गोधडी झटकली की पाच मिनिटांत डोळे लाल, म्हणजे धुळीतले बारीक किडे, डस्ट माइट.

आराम पडायला नाक धुणं सगळ्यात स्वस्त. पेलाभर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात अर्धा चमचा मीठ, वाकून एका नाकपुडीतून सोडायचं, दुसरीतून काढायचं. विहिरीचं किंवा नळाचं पाणी न उकळता नाकात अजिबात घालू नका, त्यातले जंतू क्वचित का होईना पण जिवावर बेततात. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारून, सेट्रिझिनने काहींना झोप येते, ती घेऊन घाटात गाडी चालवायला बसू नका, फेक्सोफेनाडिनने झोप कमी येते. त्रास दरवर्षीचाच असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देतात, त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे पण लागतात, दोनदा मारून "काय फरक नाय" म्हणून टाकून देऊ नका. स्प्रेचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला. चोंदलेलं नाक झटक्यात उघडणारे ड्रॉप्स मात्र 3-4 दिवसच, जास्त घातले की नाक उलट जास्त चोंदतं. वाफेने तात्पुरतं बरं वाटतं, काढ्याने घसा शेकतो, ॲलर्जी जात नाही.

छातीत घरघर, धाप असेल तर घरगुती काही नको, डॉक्टर. ओठ-जीभ सुजून श्वास अडकायला लागला तर सरळ 108.

आता घर. ज्याला त्रास आहे त्याने कुलूप काढायचंच नाही, दुसऱ्याने उघडावं, खिडक्या-दारं तासभर सताड ठेवावी, केर झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसावं. भिंतीवरची बुरशी मास्क लावून साबणाच्या पाण्याने घासायची आणि फॅन लावून सुकवायची. गोधड्या चतुर्थीला धुवून उपयोग नाही, ऊन कुठंय? त्या मे महिन्यातच कढत पाण्यात धुवून, कडकडीत वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायच्या. झोडणीला मास्क लावा, घरी आल्यावर आधी आंघोळ, मग जेवण.

यंदा शेजारच्या काकूंकडे चावी देऊन आलोय, दोन दिवस आधी दारं उघडून ठेवणारेत. आईने पण एक नवी चादर बाजूला ठेवलीय, "गोधडीला हात लावलास तर बघ" म्हणाली.