कव्हर फायनल करण्याआधी, आणि त्यातलं एक काम तर कराच

यंदा आपल्या जळगाव-धुळ्याकडचे बरेच जण पहिली कादंबरी काढतायत आणि सगळे मला कागद कुठला, लॅमिनेशन ग्लॉसी का मॅट हेच विचारतायत. ते शेवटी बघू. कव्हरच्या तयारीत सगळ्यात आधी कव्हर दाखवायला निदान एक माणूस शोधून ठेवा, ज्याने तुमच्या कादंबरीतली एक ओळसुद्धा वाचलेली नाही, तुमच्या तोंडून गोष्ट ऐकलेली नाही. मित्र नको, बायको नको, प्रस्तावना लिहिणारे सर तर अजिबात नको.

मागच्या वेळी हेच राहिलं. कादंबरी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली, वडील गेल्यावर तीन बहिणी भांडीकुंडी वाटून घ्यायला जमतात ती, निम्मी तर हसण्यासारखीच आहे. कव्हरवर काय, तर भेगाळलेली जमीन आणि कडेला मोडकं चाक. ज्यांना दाखवलं त्या सगळ्यांनी हस्तलिखित वाचलेलं होतं, त्यामुळे त्यांना ती भेग म्हणजे बहिणींमधली फूट दिसली, वा वा झालं. छापून आल्यावर धुळ्याच्या स्टँडजवळच्या पेपरवाल्याने पुस्तक हातात घेतलं आणि विचारलं, "हाई दुष्काळनं पुस्तक शे का?" त्याचं बरोबरच होतं, कव्हर तेच सांगत होतं.

आणि नुकसान फक्त खपाचं होत नाही हे नीट लक्षात घ्या. वाचक पहिली चाळीस-पन्नास पानं कव्हर डोक्यात धरूनच वाचतो. दुसऱ्या प्रकरणात पितळी डब्यावरून बहिणी भांडतात तिथं हसायला यायला पाहिजे, पण भेगाळलेली जमीन बघून आत शिरलेला माणूस आधीच गंभीर होऊन बसलेला, तो म्हणतो बिचाऱ्या, डब्यासाठी भांडायची वेळ आली. शेतकरी कधी येणार म्हणून वाट बघतो, शेतकरी येत नाही, मग शेवटी म्हणतो कादंबरी भरकटली. आणि ज्याला घरगुती भांडणाची, हसवणारी गोष्ट आवडली असती तो पुस्तक उचलतच नाही. मजकुरात एक शब्द न बदलता पुस्तक वेगळं होऊन बसतं.

म्हणून चित्रकाराकडे जाण्याआधी एका ओळीत लिहा, आत काय घडतं ते नाही, वाचकाने कुठल्या मनःस्थितीत पान उलटावं ते. हसत, धास्तावून, का निवांत बसून. आणि कव्हरवर काय दाखवायचं नाही तेही लिहा. काफ्काने १९१५ मध्ये 'मेटामॉर्फोसिस'च्या, म्हणजे माणसाचा किडा होतो त्या गोष्टीच्या वेळी प्रकाशकाला पत्र लिहून कळवलं होतं की तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. मग कव्हरवर आला अर्धवट उघडं दार आणि तोंड झाकून दूर जाणारा माणूस. दाराआड काय आहे हे वाचकाने आत जाऊन बघायचं. आपल्याकडे मात्र रहस्य मलपृष्ठावर फोडून टाकतात आणि तेच कव्हरवर काढतात पण.

रंगाचंही ठरवा. पेंग्विनने १९३५ मध्ये स्वस्त पुस्तकं काढली तेव्हा कथा-कादंबरीला नारिंगी, गुन्हेकथेला हिरवा, चरित्राला निळा असे पट्टे ठेवले, लोक नाव वाचण्याआधी रंगावरून ओळखायला लागले. तुमचा वाचकही असाच शिकलेला आहे. काळ्यावर लाल अक्षरं दिली की तो खून शोधणार, गुलाबी दिला की लग्न. दुकानात जाऊन तुमच्यासारख्या विषयाची पुस्तकं मांडून बघा, अर्धा तास पुरतो.

आता चित्र. खान्देश म्हटलं की डिझायनर नेटवरून कोरडी जमीन आणि पागोटंवाला म्हातारा उचलतो, अरे रावेर-यावलकडे येऊन बघा, डोळे निवतील एवढी हिरवी केळी आहे. केळीचा घड असेल तर केळं वरच्या बाजूला वळलेलं पाहिजे आणि केळफूल खाली, नेटवर उलटे घड भरपूर आहेत आणि आपल्याकडचं शेंबडं पोरही ते एका नजरेत सांगेल. भरिताचं वांगं जांभळं काढू नका, आपलं हिरवट, पांढऱ्या छटेचं असतं. कव्हरवरच गावाची खोटी ओळख दिसली तर आतल्या अहिराणीवर कोण विश्वास ठेवेल?

आणि हे झालं की त्या न वाचलेल्या माणसाकडे जा! कसं दिसतंय, छान आहे का, असं विचारायचं नाही, छानच म्हणतात सगळे. फक्त विचारायचं, आत काय असेल? मग गप्प बसायचं. समजावायचं नाही, "नाही, म्हणजे ते प्रतीक आहे" हे वाक्य तोंडातून निघालं तर कव्हर नापास, कारण दुकानात तुम्ही शेजारी उभे नसणार. एकाला नाही, चार-पाच जणांना दाखवा, वेगवेगळ्या वयाच्या, त्यात एखादा खान्देशाबाहेरचा असू द्या. दोघांनी चुकीचं सांगितलं तर चित्र बदला. डिझायनर कटकट करेल, करू द्या.

नावाची अक्षरं प्रिंट काढून तपासा, स्क्रीनवर नाही. श्रीलिपीतलं, म्हणजे जुन्या मराठी फॉन्टमधलं, युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो, जोडाक्षर फुटतं. फोनवर कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं करून नाव वाचता येतंय का बघा. मलपृष्ठावरचा मजकूर आणि पुढचं चित्र एकाच पुस्तकाचं वाटलं पाहिजे, तोही त्याच न वाचलेल्या माणसाला वाचायला द्या.

बाकी भराभर. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबात, स्क्रीनवरचा चकचकीत निळा-हिरवा छापल्यावर मंद होतो. ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र, ३ मिमी. कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची जाडी अंदाजाने लिहू नका, त्याच कागदाची डमी, म्हणजे कोऱ्या पानांची नमुना प्रत करून मोजा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, बारकोडला मागे पांढरी जागा सोडा. लॅमिनेशन मॅट घ्या. बाइंडिंगमध्ये थोडी कव्हरं वाया जातातच, तेवढी जास्तीची आधीच छापून घ्या.