ईजीआर ब्लॉक करू नका, काढून साफ करा

डिझेल गाडी काळा धूर सोडायला लागली, पिकअप पडला, चेक लाइट लागली की बऱ्याच गॅरेजमध्ये एकच इलाज सांगतात: ईजीआरला प्लेट टाकू. ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. पत्र्याचा तुकडा पॅकिंगच्या जागी बसवला की एक्झॉस्टचा वायू इनटेककडे जायचा बंद होतो, आणि गाडी खरंच हलकी पळाल्यासारखी वाटते. पण त्यासाठी प्लेटची गरज नसते. एक्सलेटर पूर्ण दाबला की निरोगी ईजीआर व्हॉल्व्ह स्वतःहूनच बंद होतो, त्यामुळे जोर लावताना त्याची अडचण नसतेच. अडचण करतो तो कार्बनने उघडा अडकलेला व्हॉल्व्ह. तो साफ केला तर तोच पिकअप परत मिळतो, आणि गाडी कायद्यातही राहते.

प्लेट टाकल्यावर सिलिंडरमधलं तापमान वाढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड जास्त तयार होतात. पीयूसीच्या मशीनवर हे दिसत नाही, कारण डिझेल गाडीचा तिथे फक्त धूर मोजला जातो. म्हणून पीयूसी मिळालं म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत आहे. शिवाय ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, अपेक्षित प्रवाह सापडला नाही की पी ०४०१ हा दोषाचा कोड पडतो आणि काही गाड्या लिंप मोडमध्ये जातात, म्हणजे इंजिन मुद्दाम कमी जोरावर चालतं. मग तो कोड दाबायला ईसीएमचं सॉफ्टवेअर बदलून घ्यावं लागतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या एका अडकलेल्या पिनसाठी हा सगळा खटाटोप.

आधी दोष ईजीआरचाच आहे ना, ते पाहा. एअर फिल्टर चोक असणं, टर्बोचा होज फाटणं, इंजेक्टर गळणं, यांनीही काळा धूर येतो. ओबीडी स्कॅनर (ईसीएममधले दोषाचे कोड दाखवणारं यंत्र) लावून कोड वाचा: पी ०४०१ म्हणजे प्रवाह कमी, पी ०४०२ म्हणजे जास्त, पी ०४०३ म्हणजे वायरिंग किंवा कॉइल. पी ०४०३ असेल तर साफसफाईने काही होणार नाही, आधी कनेक्टर तपासा. कुठेही गळती न दिसता कूलंट कमी होत असेल आणि पांढरा धूर येत असेल, तर ईजीआर कूलर (कूलंटने एक्झॉस्टचा वायू थंड करणारा भाग) आतून फुटलेला असू शकतो. अशी गाडी चालवू नका, थेट वर्कशॉपला द्या. दक्षिण कोरियात २०१८ साली बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या, त्यामागे गळके ईजीआर कूलरच निघाले होते.

पुढची पद्धत बीएस ४ पर्यंतच्या साध्या डिझेल गाड्यांसाठी आहे. बीएस ६ मध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि जास्तीचे सेन्सर असतात, आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो. ते काम सर्व्हिस सेंटरलाच सोडा.

लागणारं सामान: कार्ब क्लीनरचे एक-दोन कॅन, जुना टूथब्रश, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, गंज सोडवणारा स्प्रे, नवीन पॅकिंग, हातमोजे, चष्मा. पॅकिंग आधीच आणून ठेवा. जुनं परत बसवलं तर तिथूनच काजळी फुंकते.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाइप आणि कनेक्टरचे फोटो काढून ठेवा. बोल्टवर स्प्रे मारून अर्धा तास थांबा. गरम-थंड होऊन ते जाम झालेले असतात, घाईत डोकं तुटलं तर हेडमधून काढायला टर्नरकडेच जावं लागतं. व्हॉल्व्हला कूलंटचे पाइप जोडलेले असतील तर खाली टब ठेवा. व्हॉल्व्ह निघाला की हेड आणि मॅनिफोल्डची भोकं लगेच स्वच्छ फडक्याने बंद करा.

आत तेलकट कार्बनचा थर दिसेल, डांबरासारखा. पिनचं टोक जिथे सीटवर टेकतं तिथे बारीक नजर टाका: एवढासा खडा तिथे अडकला तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो. क्लीनर फवारा, दहा मिनिटं मुरू द्या, पट्टीने खरवडा, ब्रशने पुसा. पुन्हा तेच. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, सीटवर ओरखडा पडला तर व्हॉल्व्ह कायमचा गळतो. इलेक्ट्रिक मोटरचा भाग द्रवात बुडवू नका, कनेक्टर वर धरून काम करा. व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमच्या हातपंपाने तपासता येतो: व्हॅक्यूम दिल्यावर पिन उचलली पाहिजे आणि पंपाच्या मीटरचा काटा स्थिर राहिला पाहिजे. काटा हळूहळू उतरला तर डायाफ्राम (पिन उचलणारा आतला पडदा) फाटलाय, व्हॉल्व्ह बदला. मोटरच्या व्हॉल्व्हची पिन हाताने जोर लावून ढकलू नका, गिअरचे दात तुटतात.

मॅनिफोल्डमध्ये क्लीनर ओतायचा मोह टाळा. सिलिंडरमध्ये द्रव गेला तर इंजिन आपोआप रेस होऊ शकतं किंवा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तोंडाजवळचा थर फडक्याने पुसून काढा. थर जाडच असेल तर मॅनिफोल्ड काढूनच साफ करावा लागेल. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) काढला असेल तर त्याला सेन्सर क्लीनरच वापरा.

सगळं कोरडं झालं की नवीन पॅकिंग टाकून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. शेवटचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. कूलंट उतरवलं असेल तर भरून हवा काढा. गाडी चालू करून सांध्यावर कान लावा. फुसफुस ऐकू आली तर पॅकिंग नीट बसलेलं नाही. नंतर कोड पुसा. काही गाड्यांना वर्कशॉपच्या स्कॅनरने ईजीआर लर्निंग द्यावं लागतं, म्हणजे व्हॉल्व्हची स्थिती ईसीएमला नव्याने शिकवावी लागते, ते न दिल्यास आयडल डगमगतं. पहिल्या फेरीत थोडा काळा धूर येतो, तो सुटा कार्बन असतो. दहा-पंधरा किलोमीटरनंतरही धूर आला तर टर्बोचे होज तपासा.

शहरात रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हा थर लवकर साचतो. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं, एक गिअर खाली ठेवून, अडीच हजारांच्या आसपास आरपीएमवर चालवा.