फेलओव्हर होतो, पण पिंग लागत नाही

फेलओव्हर (एक मॉड्यूल गेलं की राखीव मॉड्यूलने काम हाती घेणं) तपासायला ब्लेड चॅसिसमधलं (पातळ सर्व्हर, म्हणजे ब्लेड, बसवायच्या पेटीतलं) अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट मॉड्यूल, म्हणजे चॅसिसवर देखरेख ठेवणारं चालू मॉड्यूल, उपसलं. स्टँडबायचा (राखीव मॉड्यूलचा) अ‍ॅक्टिव्ह दिवा काही वेळाने लागला, ब्लेड सुरूच होते (सर्व्हरचा डेटा या मॉड्यूलमधून जातच नाही), पण मॅनेजमेंटचा आयपी पिंगला (जोडणी तपासणाऱ्या संदेशाला) उत्तर देईना. मॉड्यूल बिघडलंय म्हणून लगेच नवं मागवू नका.

आधी लॅपटॉप त्याच सबनेटचा स्थिर आयपी देऊन थेट स्टँडबायच्या पोर्टला जोडला. लॉगिन पान लगेच उघडलं. म्हणजे दोष बाहेरच्या स्विचकडे. तिथे दोन घोळ निघाले: दुसऱ्या (स्टँडबायच्या) केबलचा पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचमधल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) होता, आणि पोर्ट सिक्युरिटीत (ठरलेल्या उपकरणालाच पोर्ट वापरू देणाऱ्या सोयीत) जुनाच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) अडकला होता. आयपी तोच राहिला तरी या चॅसिसमध्ये प्रत्येक मॉड्यूलचा मॅक वेगळा, त्यामुळे स्विचने नव्याला दारातच अडवलं. व्हीलॅन सारखा केला, अडकलेला मॅक काढला, गेटवेवरची एआरपी नोंद (कोणता आयपी कोणत्या मॅकचा, ही नोंद) पुसली. पिंग लागलं.

दोन्हीकडचं फर्मवेअरही (मॉड्यूलच्या आतलं सॉफ्टवेअर) ताडून पाहा. आवृत्ती वेगळी असेल तर सेटिंग्ज दुसऱ्या मॉड्यूलकडे नीट न जाण्याची शक्यता असते. कॉन्फिगरेशनचा बॅकअप चॅसिसबाहेर ठेवा, मग स्टँडबाय अपडेट करा.

पुढची चाचणी मेनूतून फेलओव्हर देऊन करा, मॉड्यूल ओढून नको. आणि दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये खोचल्या असतील, तर तो स्विच बसला की दोन्ही मॉड्यूल एकदमच दिसेनाशी होतात.