नवतपा, रिकामं घर आणि कुंड्या

मेच्या अखेरीस इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांना कुलूप असतं. कुणी पुण्याला, कुणी कोकणात, कुणाच्या भाचीचं लग्न नागपूरला. नेमका तेव्हाच नवतपा लागतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की पुढचे नऊ दिवस गच्चीवर चप्पल न घालता उभं राहवत नाही, मग कुंडीतल्या मुळांचं काय होत असेल? आणि आपण शेजारच्या काकूंकडे किल्ली देताना दारातूनच सांगतो, "जरा झाडांना पाणी घालाल ना?"

एवढंच सांगून गेलात तर काही झाडं वाळलेली मिळतील, पण जास्त करून कुजलेली मिळतील. दुसऱ्याचं झाड आपल्या हातून मेलं तर तोंड कसं दाखवायचं, या धाकानं माणूस सगळ्या कुंड्यांना रोज सारखंच पाणी ओततो. माझं आठ वर्षांचं अडेनियम (जाड खोडात पाणी साठवणारं फुलझाड) असंच गेलं. खोड दाबलं तर उकडलेल्या बटाट्यासारखं बोट आत शिरलं. त्याला पाणी कमी घाला, हे मी सांगितलंच नव्हतं. शिवाय लावलं होतं आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत. ही माती वरून भेगाळते, पण खाली ओल धरून बसते, आणि नवखा माणूस वरची भेग बघून पाणी घालतो.

तेव्हापासून मी कुंड्यांना चिंध्या बांधते. लाल चिंधी म्हणजे रोज पाणी: मोगरा, जास्वंद, तुळस, मातीच्या लहान कुंड्या. पिवळी म्हणजे बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर पुढे जायचं: लिंबू, कढीलिंब, प्लॅस्टिकच्या मोठ्या कुंड्या. पांढरी बांधलेल्या कोरफड, अडेनियम, निवडुंगांकडे आठवड्यातून एकदाच बघायचं. काम करणाऱ्या बाईंना मराठी चिठ्ठी वाचता येईलच असं नाही, चिंधी मात्र कुणालाही कळते. पाण्याचं मापही देऊन ठेवा. १२ इंची कुंडीला साधारण दीड ते दोन लिटर, खालच्या भोकातून निथळायला लागलं की थांबायचं. "थोडंसं पाणी" या शब्दाचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो.

निघायच्या आठवडाभर आधीच कुंड्या हलवा. पूर्वेकडच्या भिंतीशी, दुपारनंतर सावली येते तिथे, एकमेकींना खेटून ठेवा आणि खाली विटा द्या, म्हणजे तापलेल्या स्लॅबचा चटका थेट बसत नाही. सावली नसेल तर वर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी ताणा. मातीवर वाळक्या पाल्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन-तीन इंच थर पसरा, पण तो खोडाला चिकटवू नका. हे शेवटच्या दिवशी रात्री बॅगा भरता भरता करू नये. झाडाला नवी जागा मानवते का, हे तुमच्या डोळ्यांसमोर कळलेलं बरं.

पाण्याची वेळ हा इंदूरचा खास प्रश्न. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून ७० किलोमीटर ओढून येतं आणि शहराच्या बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतो. काकूंच्या घरी नळ पहाटे येत असेल तर त्या तुमच्या गच्चीवर कधी येणार, हे आधी विचारा. एक ड्रम भरून ठेवा, पण झाकून, नाहीतर डासांची पैदास आपणच कराल. कुंडीखालच्या बशा तर सरळ काढूनच ठेवा. पाइपनं पाणी घालणार असतील तर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी फरशीवर सोडायला सांगा, ते चहाच्या आधणाइतकं तापलेलं असतं.

अंगणात वाफा असेल तर त्यात मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि झाकण ठेवा. तीन-चार दिवसांतून एकदा भरला की पुरतं. स्वयंपाकघरातला जुना माठ मात्र वापरू नका. क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात, तो पाझरत नाही.

जाण्याआधी पंधरा दिवस खत नको, युरिया तर नकोच. कोवळी फूट येते, तिला पाणी जास्त लागतं आणि मावा ही कीडही तिच्यावरच बसते. कुंडी बदलणं, जोरदार छाटणी, सगळं परतल्यावर. कीटकनाशकाची बाटली कपाटात कुलपात ठेवा आणि फवारणी कुणावरही सोपवू नका. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर फांदीवर पाण्याची जोरदार धार मारा, एवढं सांगितलं तरी चालतं. आणि कंपोस्टचा ढीग ओल्या गोणपाटानं झाकून तसाच सोडा. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डनं १९२०च्या दशकात ज्या शहरात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, त्या शहरात ढीग उलटायचं राहिलं म्हणून वाईट वाटतं खरं, पण शेजाऱ्यांकडून तेही काम करून घेणं म्हणजे अतीच.

भाजी तोडायला मात्र आवर्जून सांगा. भेंडी, गवार, घोसाळी (इकडच्या भाषेत गिलकी) वेलावर-झाडावर जून होऊ दिली की नवी फळधारणा मंदावते. "तोडा आणि तुमच्याकडेच ठेवा" म्हटलं की काकू दिवसाआड नक्की चक्कर मारतात. मोगऱ्याच्या कळ्यांचंही तसंच. रविवारी एक फोटो मागवा, रोज नको.

परत आल्यावर वाळलेलं झाड लगेच उपटू नका. नखानं साल खरवडा. आत हिरवं असेल तर सावलीत ठेवून आठवडाभर थोडं-थोडं पाणी द्या, वाळक्या फांद्या नंतर कापा. खत आणि कुंडीबदल मृगाच्या पावसानंतर, हवेतला कोरडेपणा गेला की.