स्ट्रिंगमधल्या नको त्या स्पेस: आधी ओळखा, मग काढा

नागपूरच्या ग्राहकांची यादी एक्सेलमधून किंवा वेबपानावरून उचलली की वस्त्यांच्या बेरजेत 'इतवारी' हमखास दोनदा येते. दिसायला दोन्ही सारख्याच, पण एकीच्या शेपटाला स्पेस चिकटलेली असते. लगेच ट्रिम, म्हणजे टोकांच्या स्पेस काढणारं फंक्शन, लावू नका. ती मोकळी जागा नेमकी कोणती, ते आधी बघा.

पायथॉनमध्ये स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, नुसती प्रिंट न करता रेप्र या फंक्शनने छापा, ते लपलेली अक्षरंही दाखवतं. किंवा एकेका अक्षरावर ऑर्ड चालवा, ते त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक देतं. ३२ म्हणजे साधी स्पेस, ९ टॅब, १० नवी ओळ, १३ विंडोजच्या फाइलींत ओळीच्या शेवटी येणारा कॅरेज रिटर्न. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात १६० ही नॉन-ब्रेकिंग स्पेस बरेचदा असते. ८२०३ ही शून्य रुंदीची स्पेस आणि फाइलच्या तोंडाशी बसणारा ६५२७९ म्हणजेच बॉम (बाइट ऑर्डर मार्क ही खूण), हे दोन तर डोळ्यांना दिसतच नाहीत.

टोकांच्या स्पेससाठी पायथॉनचा स्ट्रिप पुरतो. तो १६०सुद्धा काढतो, मात्र ८२०३ आणि बॉम तसेच ठेवतो. त्यांना रिप्लेस लागतो. स्ट्रिप मूळ स्ट्रिंग बदलत नाही, नवी देतो. ती परत व्हेरिएबलमध्ये ठेवली नाही तर केलेलं काम वाया. जावास्क्रिप्टचा ट्रिम १६० आणि बॉम दोन्ही काढतो. जावाचा ट्रिम ३२ आणि त्याखालचेच कोड काढतो. जावा ११ पासूनचा स्ट्रिप युनिकोड ओळखतो, तरी १६० सोडूनच देतो. एक्सेलचा ट्रिमही १६० ला हात लावत नाही, तिथे आधी सबस्टिट्यूट वापरून त्याची साधी स्पेस करा.

मधल्या जादा स्पेससाठी पायथॉनमध्ये रिकाम्या कंसाचा स्प्लिट करा, म्हणजे मजकूर मोकळ्या जागांवर तुटतो, आणि ते तुकडे एका स्पेसने जॉइन करा. यात ओळीही जोडल्या जातात, म्हणून तीन ओळींचा पत्ता असेल तर एकेक ओळ वेगळी साफ करा. '४४० ००१' सारख्या पिनकोडमधल्या सगळ्याच स्पेस काढायच्या. 'रामदास पेठ' आणि 'रामदासपेठ' हा मात्र सफाईचा प्रश्नच नाही. त्यासाठी कोणतं रूप धरायचं याचा तक्ताच करावा लागतो.

मराठीत खरी काळजी घ्यायची ती ८२०५ ची. अदृश्य अक्षरं सरसकट उडवणारे तयार रेजेक्स (मजकूर शोधायचे नमुने) नेटवर भरपूर मिळतात, आणि ते या झीरो विड्थ जॉइनरलाही, म्हणजे अक्षरांची जोडणी ठरवणाऱ्या अदृश्य खुणेलाही, उडवतात. काही कीबोर्ड 'वऱ्हाडी' लिहिताना र, हलन्त आणि ८२०५ असा क्रम टाकतात. जॉइनर गेला की उरतं 'वर्हाडी', म्हणजे रफार थेट ह च्या डोक्यावर. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, शब्दच बदलतो. विदर्भातल्या नावागावांच्या डेटात हे होऊ देणं बरोबर नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी २३५२, २३८१, ८२०५ ही तिकडी सापडेल तिथे २३५३, २३८१ टाका, म्हणजे ऱ आणि हलन्त. दिसायला तेच राहतं, आणि दोन कीबोर्डांवर टाइप केलेला 'वऱ्हाडी' एकमेकांशी जुळायलाही लागतो. मग ८२०३ आणि ६५२७९ काढा, नंतर स्प्लिट-जॉइन. उरलेले ८२०५ आणि त्याचा जोडीदार ८२०४, म्हणजे झीरो विड्थ नॉन-जॉइनर, तसेच राहू द्या. जोडाक्षराचं रूप ठरवायला ते मुद्दाम घातलेले असू शकतात. शेवटी जुनी आणि नवी स्ट्रिंग वेगळी निघालेल्या ओळी रेप्रसकट छापून नजरेखालून घाला, आणि मगच डेटाबेसमध्ये लिहा.