नँडवर यूबीआयचा व्हॉल्यूम बनवताना

नँड म्हणजे फ्लॅश मेमरीची चिप, यूबीआय म्हणजे तिचे ब्लॉक सांभाळणारा लिनक्समधला थर, आणि व्हॉल्यूम म्हणजे त्या थरावरचा साठवणुकीचा एक भाग. आधी /प्रॉक/एमटीडी ही फ्लॅशच्या पार्टिशनांची यादी उघडून पार्टिशनचा नंबर बघा. मी एकदा घाईत यूबीआयफॉरमॅटला (पार्टिशन यूबीआयसाठी तयार करणारा हुकूम) ४ ऐवजी ० दिला आणि बूटलोडरच, म्हणजे यंत्र सुरू करणारा प्रोग्रामच, उडवला. पुढचे दोन दिवस सोल्डरिंग गन हातात.

पार्टिशन साफ करायला फ्लॅशइरेझ नको, यूबीआयफॉरमॅटच वापरा. कोणता ब्लॉक (फ्लॅशचा एकदम पुसला जाणारा तुकडा) किती वेळा पुसला, ही नोंद त्या ब्लॉकमध्येच असते; यूबीआयफॉरमॅट ती जपतो, फ्लॅशइरेझ ती पुसून मोकळा होतो.

मग पार्टिशन यूबीआयला जोडणारा यूबीआयअटॅच चालवा, उणे-एम या पर्यायापुढे पार्टिशनचा नंबर, इथे ४. हा हुकूम /डेव्ह/यूबीआय_सीटीआरएल या यूबीआयच्या नियंत्रण-फाइलकडे जातो आणि यूबीआय० हे नवं डिव्हाइस उगवतं. यूबीआयएमकेव्हॉलला नाव नि आकार द्या, झाला व्हॉल्यूम.

आकाराचा हिशोब मात्र नीट करा. १२८ केबीचा ब्लॉक आणि २ केबीचं पान (एका वेळी लिहिला जाणारा तुकडा) असेल, सबपेज (पानाचा वेगळा लिहिता येणारा भाग) नसेल, तर यूबीआयची दोन हेडर, म्हणजे ब्लॉकच्या सुरुवातीच्या नोंदी, दोन पानं खातात. हाती १२४ केबीच उरतात. शिवाय खराब ब्लॉकांसाठी राखीव जागा वेगळी. यूबीइन्फो उणे-ए खरा आकडा सांगतो.

इमेज, म्हणजे व्हॉल्यूममध्ये भरायची तयार फाइल, यूबीआयअपडेटव्हॉलने चढवा. मध्येच वीज गेली तर व्हॉल्यूम 'करप्टेड' दिसेल. घाबरू नका, तीच इमेज पुन्हा पहिल्यापासून चढवा.